डाव्या पॉकेटचे मार्क

वाघमारे सर, गेल्या ऑगस्टमधला तुमचा खरा स्कोर एकसष्ट होता. वहीत बहात्तर आहेत. वरचे अकरा मी घातले.

हे तुम्हाला समोरासमोर सांगायचं राहून गेलं. हॉस्पिटलात दोनदा संधी आली होती. एकदा तुमचा डोळा लागला होता आणि एकदा मी उगाच सफरचंद कापत बसलो. तुम्हाला जाऊन आता दीड महिना होत आला. मध्ये पुण्यानुमोदनाला नांदेडला येऊन गेलो. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, मग लोक तुमच्याबद्दल बोलायला उठले. आयटीआयमधली तुमची नोकरी, फिटर ट्रेडची तुमच्या हाताखालून गेलेली मुलं, त्यातलं कोण कुठल्या कारखान्यात लागलं, सगळं व्यवस्थित सांगून झालं. पूलचा, आपल्या टेबलावरच्या खेळाचा, विषय कुणी काढला नाही. तुमचे एक सहकारी तेवढे म्हणाले की सरांना खेळाची फार आवड होती, आणि मग कोणता खेळ ते न आठवल्यामुळे पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी मागच्या रांगेत बसून होतो. मला बोलायला सांगितलं असतं तरी मी उठलो नसतो.

म्हणून इथं लिहितोय. तुम्हाला लिहिलेलं आवडायचं. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तुम्ही 'हवा' म्हणायचात.

आपली ओळखसुद्धा माझ्या अशा एका हवेवरूनच झाली. मी रेणापूरचं घर सोडून नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो होतो. सकाळी सहापासून लोकांचं रक्त काढायचं, दुपारी रिपोर्ट करायचे आणि साडेपाच वाजले की पूल पार्लर गाठायचं. तिथं चार टेबलं होती आणि चारही टेबलांवर माझं नाव होतं, निदान मला तसं वाटायचं. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत चार दिवस नुसते बघत बसलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला वाटलं, पार्लरवर कसली तरी तपासणी आलीय. पाचव्या दिवशी तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "तुम्ही कसं खेळता?"

चार दिवस डोळ्यांनी बघितलेल्या माणसानं असं विचारावं याचा मला राग आला. "बरं खेळतो की," मी म्हणालो.

"बरं म्हंजे किती?"

"किती म्हणजे?"

"शंभरपैकी."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. खिशातून आलेख कागदाची घडी काढलीत आणि टेबलावर पसरलीत. त्यावर पूलच्या टेबलाची दहा चित्रं होती, मापात काढलेली, पेन्सिलीला नीट टोक करून. असल्या टेस्ट बाहेरदेशी घेतात हे तुम्ही मोबाइलवर बघितलं होतं आणि आपल्या टेबलाच्या मापानं ती बसवून घेतली होती. प्रत्येक शॉटला पांढरा बॉल कुठं ठेवायचा, रंगीत बॉल कुठं, तो कोणत्या पॉकेटमध्ये घालायचा आणि घातल्यावर पांढऱ्यानं कुठं थांबायचं, सगळं ठरलेलं. एकेक शॉट दहा वेळा. गेला तर एक मार्क, चुकला तर शून्य. जागा हलू नये म्हणून फायलीच्या कागदांच्या भोकांना लावतात त्या गोल चकत्या तुम्ही टेबलाच्या कापडावर चिकटवल्यात. बॉल बरोबर त्या भोकात बसायचा.

मला एकतीस मार्क पडले. दहावीलासुद्धा मी कुठल्या विषयात पस्तिसाच्या खाली गेलो नव्हतो. मी म्हणालो, क्यू वाकडा आहे. तुम्ही ती काठी टेबलावर ठेवून घरंगळवलीत, सरळ निघाली. मी म्हणालो, टेबल उतरतं आहे. तुम्ही पिशवीतून लेव्हलची नळी काढलीत, टेबलावर ठेवलीत, चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "हाव, हाय थोडं. दोन मार्क टेबलाचे धरा. तेहतीस."

त्या दिवशी घरी जाताना मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मात्र मीच तुमची खुर्ची शोधत होतो.

तुमचं डोकं मला हळूहळू कळलं. तुम्ही उभी हयात वर्कशॉपमध्ये काढलेली. तिथं पोरगं कानशीनं घासून आपला जॉब, लोखंडाचा तुकडा, घेऊन येतं आणि म्हणतं, सर, मस्त झालाय. तुम्ही त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता. मापाचा गेज लावायचात. बसला तर पास, नाही बसला तर परत घास. मस्त, बरा, ठीकठाक हे शब्द तुमच्या खात्यात नव्हतेच. आणि गेज लावताना एक नियम, जो तुम्ही पूलच्या टेबलापर्यंत आणलात : "ज्याच्या हातात कानस, त्याच्या हातात गेज द्यायचा न्हाई. दिला की जॉब कायम पास." म्हणून आपले मार्क आपण लिहायचे नाहीत. तुमचे मी लिहायचे, माझे तुम्ही. खेळणाऱ्यानं मोजायचंसुद्धा नाही. त्यानं शॉट मारायचा आणि बॉल थांबेपर्यंत मान खालीच ठेवायची. बॉल गोळा करणं, परत चकतीवर ठेवणं, बरोबर की चूक लिहिणं, ही सगळी लिहिणाऱ्याची कामं. शेवटी फक्त बेरीज ऐकायची.

हा नियम मला आधी लई आवडला होता. माझा त्यातला वाटा पुढं काय होणार हे माहीत नव्हतं म्हणून.

पार्लर बंद पडलं तेव्हा त्यातलं एक टेबल तुम्ही उचललंत आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकलंत. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इथं म्हैस बांधली असती तर दूध तरी आलं असतं." तुम्ही टेबलाच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवत होतात. तीन रविवार तुम्ही नुसती लेव्हल काढत होतात. चौथ्या रविवारी म्हणालात, आता टेबलाचे मार्क कुणाला मिळणार न्हाईत.

त्या शेडमध्ये मी खेळायला शिकलो. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली, पण ते तसंच आहे. मला जे जमायचं ते तुम्ही खेळू द्यायचा नाहीत. वहीत ज्या शॉटला सगळ्यात कमी, महिनाभर तोच. माझा चौथा शॉट, लांबचा सरळ, दहापैकी दोन. मी म्हणायचो, माझी नजर कच्ची आहे. तुम्ही गवंड्याचा ओळंबा आणलात, छताच्या अँगलला बांधलात आणि तो माझ्या कोपराशेजारी लोंबत सोडलात. "कोपर दोरीला लागलं का सांगा, बाकी काय सांगू नका." दर वेळी लागत होतं. नजर चांगली होती, हात बाहेर जात होता. पाच आठवड्यांत दोनाचे आठ झाले. इतकी वर्षं मी ज्याला नशीब, मूड, टेबल, उकाडा म्हणत होतो ते सगळं त्या दोरीच्या एका बाजूला होतं. पुढं दोन वर्षांनी माझा स्कोर अडुसष्टावर गेला तेव्हा वहिनींनी शिरा केला होता. तुम्ही ताटलीत चमचा फिरवत म्हणालात, सातवा शॉट अजून पाचच हाय.

तुम्ही एकदा लॅबमध्ये साखर तपासायला आला होता, आठवतं? मी मशीन सुरू करत होतो. तुम्ही विचारलंत, ही कुणाच्या रक्ताची बाटली. मी सांगितलं, कुणाच्या नाही, हा कंट्रोल. याचा आकडा आधीपासून माहीत असतो. रोज सकाळी आधी हा मशीनमध्ये घालायचा. आकडा बरोबर आला तर मशीन ठीक, मग पेशंटचे नमुने लावायचे. तुमचा चेहरा असा उजळला की जणू मी तुमच्या मुलीचं लग्न जमवून दिलं. "म्हंजे मशीनची पण टेस्ट हाय की! आन् आकडा खाली आला तर?" मी म्हणालो, तर मशीन बंद करायची, इंजिनिअर बोलवायचा. एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही. तुम्ही त्यानंतर किती तरी लोकांना हे सांगितलंत. आमचा बालाजी लॅबचा माणूस हाय, आकड्याशी खेळत न्हाई.

आता वादाबद्दल. तो आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. माझं म्हणणं, टेस्ट म्हणजे खेळ नव्हे. खेळात समोर माणूस असतो, तो खोकतो, हसतो, तुमच्या शॉटच्या वेळी चॉक घासत बसतो. चकतीवर ठेवलेला बॉल काही करत नाही. उदगीरला एका हॉलमध्ये मॅचेस होत्या, तिथं मला पुरावाच मिळाला. तुमचा तेव्हाचा स्कोर एकोणऐंशी. समोर एक धान्याच्या अडतीवरचा हमाल, पाठीवर पोतं घेतात तसा क्यू धरणारा, ज्याला तुमच्या टेस्टमध्ये पन्नासही पडले नसते. त्यानं तुम्हाला पाच-दोननं हरवलं, आणि वर म्हणाला, "काका, तुम्ही लई चांगलं खेळता, पण लई हळू विचार करता."

परतीच्या बसमध्ये मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. म्हणालो, सर, एकोणऐंशी कुठं गेले? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. तसंच बघत म्हणालात, "तो जिंकला हे खरं हाय. का जिंकला ते त्याला माहीत न्हाई. मी का हरलो ते मला माहीत हाय."

"का हरलात?"

"तिसऱ्या डावापासून मी मान वर करून राहिलो. मला बघायचं होतं बॉल गेला का."

"मग हे तुमच्या टेस्टमध्ये कुठं दिसतं?"

"दिसत न्हाई," तुम्ही म्हणालात. "टेस्ट सगळं सांगती असं मी कधी म्हणलो? जेवढं सांगती तेवढं खोटं सांगत न्हाई, इतकंच."

मी ते हसण्यावारी नेलं. पुढं कुठंही आपला वाद झाला की मी उदगीरचा हमाल काढायचो आणि तुम्ही ओळंबा काढायचात. आपल्या दोघांकडं एकेकच हत्यार होतं.

मग मला लातूरला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरी नोकरी मिळाली आणि मी नांदेड सोडलं. तुम्ही म्हणालात, येणं होईल तसं या. मी म्हणालो, महिन्याचा पहिला रविवार. सकाळी साडेसहाची एसटी, चाकूर, अहमदपूर, लोहा, आणि साडेनऊ-दहाला तुमच्या शेडमध्ये. पाच वर्षांत मी मोजून चार रविवार चुकवले. माझी बायको म्हणायची, नांदेडला तुमची कोण हाय? मी म्हणायचो, वही. सर, माझ्या आयुष्यात लॅब आणि घर सोडून तेवढंच एक काहीतरी होतं. हे तुम्हाला कधी म्हणालो नाही, म्हणण्यासारखं काही आहे असं वाटलंही नव्हतं.

तुम्ही रिटायर झालात त्या महिन्यात नवा नियम काढलात. वहीच्या आतल्या पानावर लिहून खाली सही केलीत : सलग तीन महिने सत्तरच्या खाली आलो तर क्यू कायमचा ठेवून द्यायचा आणि टेबल आयटीआयच्या होस्टेलला देऊन टाकायचं. मी विचारलं, कशाला? तुम्ही म्हणालात, "हात गेला का माणसाला सोताला कळत न्हाई. वर्कशॉपमध्ये बघितलंय मी, साठीचे मिस्त्री, हात थरथरा कापायलेला, तरी लेथ सोडंनात. वही सांगंल तेव्हा ऐकायचं." तुमचे तेव्हा ब्याऐंशी चालले होते. मला तो नियम तुमच्या बाकीच्या नियमांसारखाच वाटला.

ऑगस्टच्या त्या रविवारी तिसऱ्या शॉटला तुम्हाला दोन मार्क पडले. एरवी आठ-नऊ असायचे. सहाव्याला दोन. नवव्याला एक. तुम्ही मान खाली ठेवून होता, नियमाप्रमाणे. शॉट मारल्यावर एक गोष्ट तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा केलीत. तुम्ही विचारलंत, "गेला का?"

बॉल पॉकेटच्या तोंडाशी थांबला होता. माझ्याकडं वही होती, समोर तुम्ही वाकलेले, मानेवर घाम. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे की चुकलाय, आणि तुम्ही मला विचारताय म्हणजे मागताय. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी बॉल उचलला आणि म्हणालो, "गेला, सर."

नंतर तुम्ही तसं पुन्हापुन्हा विचारलंत आणि मी पुन्हापुन्हा गेला म्हणालो. एकसष्टाचे बहात्तर झाले. बेरीज ऐकून तुम्ही म्हणालात, "दहा उतरले. उन्हाळ्यात सराव कमी झाला."

सप्टेंबरमध्ये त्रेसष्ट, मी एकाहत्तर लिहिले. ऑक्टोबरला अठ्ठावन्न, त्याचे त्र्याहत्तर केले. सारखा एकच आकडा दिसू नये म्हणून. नोव्हेंबरला चोपन्न होते, त्याचे एकाहत्तर. मी स्वतःला सांगत होतो की माणूस नुकताच रिटायर झालाय, त्याचं टेबल काढून घेतलं तर तो दिवसभर करेल काय. ते खरंही होतं. पण टेबल गेलं असतं तर माझा पहिला रविवारही गेला असता, हेही तितकंच खरं होतं. आणि सगळ्यात खाली तिसरं एक होतं. मी त्या आकड्याला मानतच नव्हतो. उदगीरपासून मी सांगत आलो होतो की त्यात काही दम नाही. ज्यात दम नाही ते थोडं वाढवलं तर कुणाचं काय जातं? लॅबमध्ये अनोळखी माणसाच्या साखरेतला एक आकडा मी कधी इकडचा तिकडं केला नाही. तुमच्या वहीत चार महिने केला.

माझ्याकडं खरे कागद होते, सर. बरोबर-चूकच्या खुणा मी आधी सुट्या कागदावर करायचो आणि मग वहीत उतरवायचो. ते कागद अजून माझ्या बॅगेत आहेत. तिसरा, सहावा, नववा. तीनही शॉट डाव्या पॉकेटचे. उजवीकडचे तुमचे मार्क नोव्हेंबरपर्यंत जवळपास जागेवर होते. डावीकडचे आठावरून दोनावर, दोनावरून शून्यावर. शेडच्या दाराची चौकटही तुमच्या डाव्या खांद्याला लागायची. वहिनी म्हणायच्या, दार रुंद करून घ्या आता. आपण तिघंही हसलो होतो.

डिसेंबरात तुम्ही टेबलाला वळसा घालताना त्याच्या कोपऱ्यावर आदळलात, खाली बसलात आणि तुम्हाला उलटी झाली. वहिनींनी आणि मी रिक्षानं हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला : डोक्यात उजवीकडं मागच्या बाजूला गाठ. त्यामुळं डाव्या बाजूचं दिसणं गेलेलं. ते म्हणाले, पेशंटला हे समजत नाही, अंधारही दिसत नाही, त्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. कधीपासून आहे हे? वहिनी म्हणाल्या, डोकं दुखायलंय म्हणत होते दसऱ्याच्या आधीपासून. आणि तुम्ही खाटेवरून म्हणालात, "न्हाई डॉक्टर, आत्ताचंच हाय. नोव्हेंबरला एकाहत्तर हायत."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी तुमची फाइल उघडून त्यातले कागद सारखे करत राहिलो.

तेव्हा मला समजलं की ऑगस्टमध्ये तुम्ही मागत नव्हता. तुम्ही खरंच विचारत होता. बॉल गेला का ते तुम्हाला दिसलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, तुम्ही दोन आठवडे बरे होतात, मग नव्हता. लवकर आलो असतो तर काय झालं असतं हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अशा प्रश्नाला ते 'सांगता येत नाही' म्हणतात, रोज हॉस्पिटलात वावरणाऱ्या मला ते पाठ आहे. त्या उत्तराच्या आडोशाला मी हयातभर बसू शकलो असतो. बहुतेक बसणारही होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुपारी माणसं पांगली. मी निघालो तेव्हा वहिनींनी थांबवलं, चहा ठेवला आणि ती वही आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "तुमची वस्तू हाय, तुम्ही घेऊन जा." मग त्यांनी आपणहून सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. दसरा झाल्यावर त्यांनी तुमच्या मागं लकडा लावला होता की डोक्याचा फोटो काढून घ्या. भावाला सांगून नंबरसुद्धा लावला होता. तुम्ही गेला नाहीत. वही उघडून त्यांना दाखवलीत आणि म्हणालात, "हे बघ, त्र्याहत्तर. डोक्यात काय असतं तर आधी हातात आलं असतं. बालाजीनं लिहिलेलं हाय, माझं न्हाई."

वहिनी हे सांगताना कौतुकानं सांगत होत्या. माणूस गेल्यावर त्याचा हट्टसुद्धा गोड वाटतो तसं. मी हातातला कप खाली ठेवला.

मी तिथून उठून निघू शकलो असतो. वही बॅगेत टाकायची, नमस्कार करायचा आणि साडेपाचची एसटी पकडायची. सर, मी खरंच उठलो होतो. मग परत बसलो आणि सांगितलं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचं सगळं, आकड्यांसकट. बॅगेतले सुटे कागद काढून वहीशेजारी ठेवले. वहिनींना पूल कळत नाही, पण एकसष्ट आणि बहात्तर कळतं.

त्यांनी एकेक कागद वहीच्या पानाशी लावून बघितला. मग विचारलं, "ते तुम्हाला इचारायचे, गेला का म्हणून?"

"हाव."

"आन् तुम्ही गेला म्हणायचात."

"हाव, वहिनी."

"दिसत नव्हतं म्हणून इचारायचे ते."

"मला तेव्हा वाटलं—"

"तुम्हाला वाटलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. बाहेर मांडववाले खुर्च्या गोळा करत होते, त्यांचा खडखडाट तेवढा आत येत होता.

सर, आपला वाद तुम्ही जिंकलात. टेस्टला जे दिसलं ते मला दिसलं नाही, तुम्हालाही नाही, वहिनींनाही नाही. टेस्टनं ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, डावीकडं काहीतरी बिघडलंय. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तुम्ही मला कोपराचा दोष दाखवलात, महिनाभर दोरी लावून तो घालवलात, त्याबद्दल मी तुमचे आभारसुद्धा कधी मानले नाहीत. आणि तुमचा दोष माझ्या हातातल्या कागदावर स्पष्ट लिहिलेला असताना तो मी तुमच्यापासून लपवला, तुमच्यावरच्या मायेपोटी. मला तुमची फार आठवण येते. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला जाग येते आणि कुठं जायचं नसतं.

तुमची माफी मागण्यासाठी हे लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की तुम्ही ती देऊ शकत नाही आणि ज्या देऊ शकतात त्यांना मी ती मागितलेली आहे. त्या दिवशी वहिनींनी कागद घडी करून स्वतःजवळ ठेवले, वहीही परत घेतली आणि दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मला तुमचा राग येऊन राहिला का न्हाई, ते मला आजून कळंना. कळलं का फोन करते. तवर तुम्ही करू नका."

त्याला आज सव्वीस दिवस झाले. मी फोन केलेला नाही.